देवमासा कुणाच्या खांद्यावरून दिसतो?



या अंकासाठी आलेल्या कवितांत चार समुद्र निघाले आणि दोन देवमासे. गोदी एकातही नाही. मी गोदीत गोणी वाहतो, म्हणून बोचलं.

आधी शब्दच बघा. देवमासा. पिलाला दूध पाजणारं जनावर, मासा नाहीच. पण अंगापेक्षा मोठं काही दिसलं की त्याला देव चिकटवायचा, ही आपली जुनी खोड. आणि किनाऱ्यावर त्याची उलटी सापडली, की कायद्याची बंदी असूनही हाच देव चोरून तोलायला काढतात.

अमेरिकेच्या हर्मन मेलविलची 'मोबी डिक' १८५१ ची. पांढरा देवमासा, त्याने पाय तोडलेला कप्तान अहॅब आणि सूड. पंडितांनी त्या माशात कुणी ईश्वर पाहिला, कुणी नियती. पांढऱ्या रंगाच्या दहशतीवर मेलविलनेच एक आख्खं प्रकरण लिहिलंय. आपल्याला ते समजावून सांगायला नको. आपल्याकडे ते भय परीटघडीचं असतं.

मला धरून ठेवलं ते डाग्गूने. आफ्रिकेचा धिप्पाड भालाफेक्या. होडीवरचा ठेंगणा गोरा अधिकारी फ्लास्क, मासा दिसावा म्हणून, याच्या खांद्यावर उभा राहतो. खाली समुद्र उसळतोय आणि हा खांबासारखा ताठ. च्यायला, हा खांदा मी रोज बघतो.

आणि पिप. काळं पोरगं. भिऊन होडीतून उडी मारतं, त्याच्यापायी दोर कापावा लागतो, मासा निसटतो. स्टब बजावतो, बाजारात तुझ्या तीसपट भाव देवमाशाला आहे. पोरगं पुन्हा उडी मारतं, तेव्हा होड्या शिकारीमागे निघून जातात. जहाजाने योगायोगाने उचललं, तोवर त्याचं डोकं गेलेलं.

मग चरबी सोलणं, कढवणं, पिंपं भरणं. त्या तेलावर दूरच्या घरांत दिवे. माझ्या आज्याने मेलेली ढोरं ओढली. कातडं गावाच्या पायात, वास आज्याच्या अंगाला. जहाजावर गोरे खलाशीही चरबी कापत, जन्माने वाटून दिलेलं ते काम नव्हतं, हे कबूल. वास मात्र ओळखीचा निघाला.

मेलविल १८४१ साली, एकविसाव्या वर्षी, अशाच शिकारी जहाजावर खलाशी होता. नंतर न्यूयॉर्कच्या गोदीत १९ वर्षं कस्टमचा इन्स्पेक्टर. (कस्टमवाला! तरी माफ.) म्हणून त्याच्या प्रतीकाला चरबी लागलेली आहे. तुमचे दोन्ही देवमासे धुतलेले आहेत.

सहाही कविता छापलेल्या नाहीत. कवींनी रविवारी पहिली पाळी सुटल्यावर गोदीच्या फाटकाशी यावं. कागद माझ्या खिशात असतील. आत डोकावून मग दुरुस्त्या करू.