विश्लेषण : उन्हाळ्यात हस्कीचे केस भादरल्याने खरेच गारवा मिळतो का?

मार्च लागला की हस्की, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन पाळणारे अनेक जण घरीच ट्रिमर हाती घेतात. एवढ्या केसांत त्याला उकडत असणार, हा विचार त्यामागे असतो. हेतू चांगला, पण परिणाम उलटा होऊ शकतो.

केसांचे दोन थर कशासाठी?

या कुत्र्यांच्या अंगालगत मऊ, लोकरीसारखा थर असतो आणि त्यावर लांब, राठ केस. आतला थर हवा धरून ठेवतो, वरचा थर ऊन-पाणी अडवतो. ऋतू बदलताना आतला थर गळतो. हे गळलेले केस वरच्या केसांत अडकून राहिले की हवा खेळत नाही. खरी अडचण इथे असते.

भादरल्याने काय होते?

कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. घामग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात आणि शरीर थंड होते ते धापा टाकून. त्यामुळे केस काढून फारसा गारवा मिळत नाही. उलट कातडी उन्हाने भाजू शकते. काही कुत्र्यांचे केस अनेक महिने नीट येत नाहीत.

घरी काय करावे?

केसगळतीच्या दिवसांत रोज, एरवी आठवड्यातून दोन-तीनदा मुळापासून विंचरावे. कानांमागे, काखेत, मांड्यांमागे गुंता जास्त होतो. तो आंघोळीआधीच सोडवावा, कारण भिजल्यावर आणखी घट्ट होतो. कात्री लावल्यास कातडी कापली जाण्याचा धोका असतो. आंघोळीनंतर केस मुळापर्यंत वाळवावेत, विशेषतः पावसाळ्यात. ओल राहिल्यास त्वचेला संसर्ग होऊ शकतो. जखम, त्वचारोग किंवा न सुटणारा गुंता असेल, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने केस काढावे लागतात.

प्रश्न केसांपुरता आहे का?

नाही. तमिळनाडूच्या 2024 मधील श्वानप्रजनन धोरणात हवामान न मानवणाऱ्या जातींच्या यादीत सायबेरियन हस्की होता. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा फक्त विंचरणे पुरत नाही. फिरणे पहाटे किंवा रात्री, दुपारी थंड खोली आणि सतत पाणी लागते. धाप थांबत नसेल, लाळ गळत असेल, तोल जात असेल, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी साधे पाणी अंगावर ओतून, पंखा लावून लगेच दवाखाना गाठावा. घरात कुत्रा आणण्याआधी या खर्चाचा आणि वेळेचा हिशेब करायला हवा.