भूत कोणाला करायचे?

१९९० साली मी रोह्यात बँकेत अधिकारी होतो. त्या वर्षी रामसे बंधूंचा 'बंद दरवाजा' आला. त्यातला रक्तपिपासू नेवला म्हणजे अनिरुद्ध अगरवाल. 'पुराना मंदिर'मधला (१९८४) सामरीही तोच. हा शिकलेला इंजिनिअर, पण उंची आणि चेहरा पाहून चित्रपटसृष्टीने त्याच्या हाती सैतानाचेच काम दिले. मूल नसलेल्या ठकुराणीला नेवल्याकडे नेते ती घरातली मोलकरीण. हवेली निष्पाप आणि पाप ओसरीबाहेरून येणारे, हा हिशेब तेव्हा मला खटकला नाही.

पुढे माझी बदली पेणला झाली. डोंगराकडच्या वाडीतल्या एका कातकरी विधवेने शेळ्यांच्या कर्जासाठी अर्ज केला होता. खालच्या गावातले एक पुढारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, ती भुताळी आहे, करणी करते. तिच्या भानगडीत पडू नका." मी हसलो. हसलो खरा, पण अर्ज खालच्या कप्प्यात ठेवला. बाईने तीन खेपा घातल्या. चौथ्यांदा ती आली नाही. बी.ए. झालेला, कथा लिहिणारा मी त्या दिवशी कोणत्या बाजूला उभा होतो, हे सांगायला नको.

कोकणातल्या भुतांची जुनी यादी पाहिली, तर त्यांत सगळा गाव आढळतो. सोडमुंज होण्याआधी गेलेला मुलगा मुंजा होतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. प्रत्येकाचे काही राहून गेलेले असते, आणि ते तो मागायला येतो. बँकेच्या भाषेत, ही गावाची थकबाकी. आपल्या भयपटांनी बहुधा भीती तेवढी उचलली, थकबाकी सोडून दिली. आणि भुताचे रूप काळ्या, कुरूप, रानातल्या माणसाला किंवा एकट्या बाईला दिले. फिलिपाइन्समध्येही निराळे नाही. तिथल्या लोककथांत रात्री धडापासून सुटून उडणारी ती बहुधा बाईच असते, आणि कापिस प्रांताच्या माणसांना आस्वांगांच्या गावचे म्हणून चिडवले जाते.

पडद्यावरचे भूत दिवे लागले की जाते. वाडीतली भुताळी जात नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्याला करणी करणारा ठरवून त्याचे जगणे कठीण करणे, हा आता गुन्हा आहे. पण कायदा पोलीस ठाण्यात असतो आणि चित्र मनात असते.

ते चित्र बदलू लागले आहे, हे आवर्जून नोंदवायला हवे. 'लपाछपी'त (२०१७) भय उभे राहते ते मुलगी नको असणाऱ्या घरातून. 'तुंबाड'मध्ये (२०१८) राक्षस वाड्यातल्याच लोभावर पोसलेला आहे. दोन्हीकडे बोट बाहेरच्याकडे नाही, आपल्या उंबरठ्याकडे वळते. भयपट कमी करा, असे मी म्हणणार नाही. मला ते आवडतात. मात्र पुढचा पाहाल तेव्हा एवढे विचारा : यात भूत कोणाला केले आहे, आणि त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतले का?

मी त्या बाईचे ऐकून घेतले नव्हते.