आधी शेवट शिकवा

बुद्धिबळाच्या क्लासचं पेव आता आमच्या खानदेशातही फुटलं आहे. चांगलंच आहे, पोरं डोकं लावून काहीतरी खेळतात. पण तिथे काय शिकवतात ते पाहिलं की राहवत नाही. चौथीतल्या पोराला सिसिलियन डिफेन्सच्या दहा-बारा चाली तोंडपाठ! ही चाल का केलीस विचारलं तर उत्तर एकच, "सरांनी सांगितली." आणि पटावर चार-पाच मोहरे उरले की याच पोराला काही सुचत नाही. इकडे तिकडे बघतो, समोरच्याशी हात मिळवतो, झाली बरोबरी. जिंकलेला डाव अर्ध्या गुणावर सोडून येतो आणि त्याला ते कळतही नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. युक्त्या ओळखायला शिकवायच्या असतील तर डावाच्या शेवटापासून सुरुवात करा. पाढे आले नाहीत तर आपण मुलाला त्रैराशिक शिकवतो का? मग इथेच उलटी गंगा का?

यावर ठरलेलं उत्तर येतं, "सर, शेवट कंटाळवाणा असतो, युक्त्या सगळ्या मधल्या डावात." साफ चूक! घरात पट असेल तर काढा आणि मांडा. पांढरा राजा बी ६ वर, पांढरं प्यादं सी ६ वर. काळा राजा ए १ वर, काळा हत्ती डी ५ वर. बस्स, चार मोहरे. खेळी पांढऱ्याची.

प्यादं सी ७ वर जातं. हत्ती डी ६ वरून शह देतो, राजा बी ५ वर. पुन्हा शह, राजा बी ४. पुन्हा शह, बी ३. डी ३ वरून शह आला की राजा सी २ वर. आता हत्ती डी ४ वर जाऊन बसतो आणि इथेच खरी मेख आहे. प्यादं शेवटच्या घरात नेऊन वजीर केलात, तर हत्ती सी ४ वर शह देतो. वजिरानं तो मारायलाच हवा, आणि मारला की काळ्या राजाला शह नाही पण हलायला घरही नाही. बरोबरी! म्हणून वजीर नाही, हत्ती करायचा. ए ८ वरून मात होणार, ती अडवायला काळा हत्ती ए ४ वर येतो. मग राजा बी ३ वर. हत्तीवर मारा आणि सी १ वर मात, दोन्ही एकदम. काळा संपला.

१८९५ साली ग्लासगोच्या एका वर्तमानपत्रात बार्बिए यांनी हा डाव बरोबरीचा म्हणून छापला होता. तिथे राहणाऱ्या सावेद्रा नावाच्या स्पॅनिश पाद्र्याला हत्तीची चाल दिसली. सांगा, यात कंटाळवाणं काय आहे? दुहेरी मारा, कोंडलेला राजा, वजिराऐवजी हत्ती, सगळं चार मोहऱ्यांत! गर्दीत युक्ती दिसली तरी ती का चालली हे पोराला समजत नाही. इथे समजतं, कारण लपायला जागाच नाही.

आपल्या नागपूरची दिव्या देशमुख घ्या. २८ जुलै २०२५ रोजी बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून तिनं महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. निकाल लागला तो जलद डावाच्या शेवटात. आणि जिंकल्यावर ती काय म्हणाली? मला एंडगेम शिकायलाच हवेत! कोणी म्हणेल, मग न येताही जिंकलीच की. अहो, तिचं "येत नाही" आणि आपल्या पोरांचं "येत नाही" यात शिंदखेड्यापासून बातुमीइतकं अंतर आहे. विश्वविजेत्यांच्या पंक्तीतल्या मुलीला जे कमी वाटतं, ते आपण चौथीच्या पोराला अनावश्यक ठरवतो.

मोबाइलवरच्या कोड्यांचंही तेच. तिथे कोडं समोर आलं म्हणजेच सांगितलं जातं की इथे युक्ती आहे, शोध. खऱ्या डावात असं कोण सांगतं? तिथे स्वतःलाच विचारावं लागतं. शह दिला तर राजा कुठे जाईल? कोणाचा राजा कोंडला जातोय? प्याद्याचा वजीरच करायचा का? हे तीन प्रश्न प्रत्येक चालीला विचारायची सवय लागली की युक्ती दिसू लागते. ती सवय थोड्या मोहऱ्यांवरच लागते.

आणि मुख्य मुद्दा पैशाचा आहे. चालींची घोकंपट्टी विकता येते. नवी सुरुवात, नवी फी. शेवट शिकवायला एक पट, पाच मोहरे आणि शनिवारचा एक तास पुरतो. ज्या शेतमजुराच्या पोराला धुळ्याच्या क्लासचं एसटीचं भाडंही परवडत नाही, त्याला हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मिळू शकतं. गुरुजींनी स्वतः मोठा खेळाडू असायची गरज नाही, वरचा डाव फळ्यावर काढता आला तरी पुष्कळ.

तेव्हा पालकहो, पुढच्या वेळी फी भरण्याआधी क्लासच्या सरांना एवढंच विचारा, राजा आणि एक प्यादं विरुद्ध नुसता राजा, हे माझ्या पोराला येतं का? नाही म्हणाले, तर पैसे खिशातच ठेवा.