डोंगर कापा, पावसाला दोष द्या

दरड कोसळली की सरकारी खुलासा तयारच असतो: पाऊसच असा झाला. खुलासा अर्धा खरा आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. तापलेला अरबी समुद्र ते पुरवतो आणि आठवडाभर रिपरिपणारे पाणी काही तासांत कोसळते. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमधील मुंडक्कई आणि चूरलमला दरडीखाली गेली. त्या दिवशीचा पाऊस हवामानबदलामुळे सुमारे दहा टक्क्यांनी वाढला होता, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने काढला.

खुलाशात न येणारे अर्धे सत्य गोव्यातल्या पेडण्यात पाहावे. इथे वर जांभा आणि खाली मऊ माती. चिऱ्यातून झिरपलेले पाणी मातीत मुरते, ती फुगते. पायथाच कापलेला असेल तर वरचा भार पेलणार कोण? कोकण रेल्वे बांधताना पेडण्याच्या बोगद्यात अभियंते जेरीस आले ते याच मातीपायी. ऑगस्ट २०२० मध्ये त्या बोगद्याची भिंत ढासळली. जुलै २०२४ मध्ये आत पाणी उसळले आणि गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. त्याच पावसाळ्यात मालप्याला महामार्गालगतची संरक्षक भिंत कोसळली. एवढे होऊनही मांद्रे-हरमलच्या किनारपट्टीत व्हिला आणि रिसॉर्टांसाठी उतारांवर डोळा आहेच. डिचोलीत खाणींनी उपसलेल्या मातीचे ढीग आहेत. जोरदार सरीपुढे तेही किती टिकणार?

गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या १७-अ कलमानुसार परवानगीविना डोंगर कापता येत नाही. पण कागदावर शिक्का बसला म्हणून उतार पक्का होत नाही. तेव्हा परवानगी देताना वर्षाची सरासरी नव्हे, सर्वांत मुसळधार तासाचा पाऊस धरावा. वरून येणारे पाणी कुठून वाहणार आणि खाली कोणाची घरे आहेत, हे आधी तपासावे. जून ते सप्टेंबर कापणी पूर्ण बंद ठेवावी. परवानगीचा कागद पंचायतीच्या फलकावर लावावा, म्हणजे पायथ्याशी राहणाऱ्याला निदान कळेल तरी.

पाऊस आवरणे पणजीच्या हातात नाही, परवाना आवरणे आहे. पाऊस वाढणार हे ठाऊक असताना दिलेल्या परवान्यातून जी दरड येईल, तिला नैसर्गिक आपत्ती म्हणण्याची सोय सरकारला उरू नये.