भाषण पोहोचलं, पण रद्द कोणी केलं?

जानेवारी २०१९ मध्ये अख्खा महाराष्ट्र आपल्या यवतमाळबद्दल बोलत होता. आज कॉलेजात असलेले बरेच जण तेव्हा शाळेत होते, त्यामुळे थोडं सांगायला हवं. ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं होतं. उद्घाटनाला इंग्रजीत लिहिणाऱ्या नयनतारा सहगल येणार होत्या. ऐन तोंडावर त्यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं. इंग्रजी लेखिकेला विरोध आहे, संमेलन उधळलं जाईल, असं कारण दिलं गेलं. विरोध पुढे आला होता मनसेच्या नावानं. मग खुद्द राज ठाकरेंनीच आपला आक्षेप नसल्याचं जाहीर केलं. तरी रद्द ते रद्दच. गंमत म्हणजे सहगल यांचे वडील, ‘राजतरंगिणी’ इंग्रजीत नेणारे रणजित पंडित, मराठीच होते!

पुढे जे झालं ते मोबाइलनं केलं. सहगल यांचं न झालेलं भाषण मराठीत आलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, फेसबुकवर फिरू लागलं. पेपरांनीही ते छापलं. मांडवात झालं असतं, तर टाळ्या पडल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार परिच्छेद आले असते. आता ते संमेलनाकडे कधी न फिरकणाऱ्यांनीही वाचलं. आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या वैशाली येडे यांनी ११ जानेवारीला उद्घाटन केलं. त्यांचं भाषणही असंच घरोघरी गेलं. माइक काढून घेतला की माणूस गप्प, हा हिशेब यवतमाळात चुकला. याचं श्रेय सोशल मीडियाला द्यायलाच हवं.

पण निमंत्रण नेमकं रद्द कोणी केलं? आयोजक महामंडळाकडे बोट दाखवत होते, महामंडळ आयोजकांकडे. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. फॉरवर्डमध्ये भाषण होतं, संताप होता, शिव्याही होत्या. दोन्ही बाजूंना गाठून ‘पत्र कोणी पाठवलं, कोणाच्या सांगण्यावरून?’ हे विचारणं मात्र बातमीदाराचं काम होतं.

आणि फोनला भाषण काय, अफवा काय, सारखंच. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्या दिवसांत तसले मेसेज मोबाइलवर फिरतच होते. तेही कोणीतरी ‘सावध राहा’ म्हणून, चांगल्या मनानंच पुढे पाठवले असतील.

आता तालुक्या-तालुक्यात माइक घेतलेले यूट्यूब चॅनेलवाले दिसतात. कापसाचा भाव, कोरडा नळ, खड्ड्यात गेलेला रस्ता ते दाखवतात. छान आहे. पण त्यांचं पोट बऱ्याचदा स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाच्या जाहिरातीवर. त्या नेत्याला अडचणीचा प्रश्न कोण विचारणार? (पेपरवाल्यांनी इथे नाक मुरडू नये, शुभेच्छांची पानं आम्हीही बघतो.) आपण मात्र बातमी फुकटात मागतो. महिन्याला दोन-तीनशेचा रिचार्ज मारतो आणि पेपरची पीडीएफ ग्रुपवर शोधतो.

उद्या यवतमाळात पुन्हा कोणाचं निमंत्रण रद्द झालं, तर भाषण पाच मिनिटांत आपल्या ग्रुपवर येईल. रद्द कोणी केलं हे विचारायला कोण जाणार, आणि त्याच्या गाडीत पेट्रोल कोण टाकणार?