हवा कोणाच्या बापाची?

आमच्या मोशीतल्या सोसायटीत पार्किंगवरून तीनदा, पाण्यावरून पाचदा आणि कुत्र्यावरून एकदा युद्ध झाले आहे. हवेवरून मात्र अजून एकही नाही. ते व्हावे, एवढ्यासाठी हा लेख.

हवा म्हणजे वायफायची. रोज रात्री नऊ वाजले की आमचे इंटरनेट बसायचे. दुकानदार म्हणाला, "साहेब, चार अँटेनावाला राऊटर न्या. भिंती फोडून जातो!" मी तो नेला, वर दोन रिपीटरही नेले. उलटे ठेवलेले टेबल दिसावे तसा तो राऊटर दिसतो. पण इंटरनेट धावू लागले आणि प्रमोशन मिळाल्यासारखा मी दोन दिवस घरात फिरलो.

तिसऱ्या दिवशी वरच्या दोनशे चारमधल्या आजी खाली आल्या. त्यांचा मुलगा जर्मनीत असतो आणि रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल करतो. आजी म्हणाल्या, "अहो, परवापासून तो तोंड उघडतो आणि तसाच राहतो. मी नुसते त्याचे दात मोजत बसते!"

तीनशे तीनमधले गृहस्थ चाकणला कारखान्यात इंजिनिअर आहेत. त्यांनी आमच्या हॉलमध्ये उभे राहून मोबाईलवर मोजदाद केली. तेवीस वायफाय निघाले. त्यातल्या एकाचे नाव होते 'स्वतःचे घ्या'. मग त्यांनी शास्त्र सांगितले. मी पडलो बी.कॉम., त्यामुळे ते मला समजले ते बँकेच्या भाषेत.

असे समजा की, २.४ गिगाहर्ट्‌झ नावाच्या शाखेत खिडक्यांवर १ ते १३ असे नंबर लिहिले आहेत. पण प्रत्येक खिडकी इतकी रुंद की, एकमेकांना धक्का न लावता उभे राहायचे तर जागा तीनच: १, ६ आणि ११. एकाच खिडकीपुढची माणसे निदान रांग तरी लावतात. एक बोलत असला की दुसरा थांबतो. पण चार नंबरवर उभा राहणारा महाभाग कुठल्याच रांगेत नसतो. तो १ लाही कोपर मारतो आणि ६ लाही. आमचा नवा राऊटर नेमका चारवर होता. त्यात रिपीटर म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाचे बोलणे दुसऱ्यांदा मोठ्याने सांगणारा शिपाई! आजींचा जर्मनीचा मुलगा मीच गोठवला होता.

आता कोणी म्हणेल, "मी पैसे भरतो, मी हवा तेवढा मोठा राऊटर लावीन." महाशय, तुम्ही पैसे भरता ते तारेचे. तार संपली की पुढची हवा सगळ्यांची. सरकारने जानेवारी २००५ मध्ये ही पट्टी परवान्यातून मुक्त केली ती याच अटीवर, की सर्वांनी ती वाटून घ्यावी आणि दुसऱ्याचा अडथळा झाला तरी संरक्षण मागू नये. म्हणजे इथे फौजदार येणार नाही. शेजाऱ्याचीच बेल वाजवावी लागेल. आणि आवाज वाढवणे हा तर उपायच नव्हे. चाकणच्या तळेगाव चौकात जोरात हॉर्न वाजवल्याने कोणाची गाडी पुढे सरकलेली मी तरी पाहिलेली नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सर्वांनी १, ६ किंवा ११ वरच बसावे. रुंदी ४० वर असेल तर २० वर आणावी. एका माणसाने दोन खुर्च्या अडवू नयेत. टीव्हीला सरळ तार जोडावी. ज्यांचे फोन नवे आहेत त्यांनी ५ गिगाहर्ट्‌झवर जावे. तिथे जागा ऐसपैस आहे, आणि ती लहर भिंतीला अडखळते हाच तिचा सद्गुण. शेजाऱ्याकडे फारशी डोकावत नाही. आजींच्या जुन्या फोनला २.४ खेरीज दुसरा रस्ताच ठाऊक नाही. बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला आपण जागा देतो, मग हवेत का देऊ नये?

ही मागणी मी सेक्रेटरींना लेखी दिली. ते म्हणाले, "हवा विषयपत्रिकेत बसत नाही." मग मी स्वतःपासून सुरुवात केली. रिपीटर काढले, चिरंजीवांना ५ वर पाठवले आणि राऊटर ११ वर नेऊन त्याचा जोरही कमी केला. तीनशे तीनच्या मदतीने शेजारची सहा घरे बेल वाजवून मार्गाला लावली. एकाने चहाही दिला.

परवा आजी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "आता पूर्ण वाक्य बोलतो हो. पण येणार कधी, ते काही सांगत नाही."

यावर मात्र तीनशे तीनकडेही उपाय नव्हता.