आपणहून पडणारा पैलवान

बैलबाजारातला सौदा ज्यांनी शेजारी उभं राहून पाहिला आहे, त्यांनी खरं तर काहीच पाहिलेलं नसतं. घेणारा आणि दलाल हातात हात देतात, वर उपरणं पडतं आणि त्याखाली बोटं बोलू लागतात. कुठलं बोट दाबलं म्हणजे किती हजार, ते त्या दोघांनाच ठाऊक. बघ्यांच्या वाट्याला येतात ते फक्त चेहरे. एकाच्या कपाळावर आठ्या, दुसरा मख्ख. शेतमालाच्या बाजारातही अशी रुमालाखालची बोली चालायची. तिला हत्ता पद्धत म्हणत. बाजार समित्यांत तिच्या जागी उघड लिलाव आला, कारण ज्याचा माल त्यालाच भाव कळत नव्हता.

पगाराची बोलणी मात्र अजून रुमालाखालीच होतात. शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी किती मागून किती घेऊन आला, हे कळायला मार्ग नाही. विचारणं अप्रशस्त, सांगणं त्याहून अप्रशस्त, आणि नेमणुकीच्या पत्रावर ‘गोपनीय’ हा शब्द आधीच छापलेला. भाजीचा भाव करायला माणूस आजीचं बोट धरून मंडईत शिकतो. ती भाव ऐकते, काही न बोलता दोन गाळे पुढे जाते आणि मागून ‘या आजी, घ्या, तुमच्या भावानं घ्या’ अशी हाक येते. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी 1981 साली ‘गेटिंग टु येस’ या पुस्तकात ‘बाटना’ नावाची संज्ञा रूढ केली. बोलणी फिसकटली तर आपल्या हातात काय उरतं, याचा हिशेब म्हणजे बाटना. आजीचा तो हिशेब त्या दोन गाळ्यांच्या अंतरात झालेला असायचा. पण पगाराच्या बोलण्यांना कुणाचं बोट धरून जाता येत नाही. पहिला धडा आणि खरी परीक्षा एकाच फोनवर होते.

या पोकळीत आता एआय शिरला आहे. मोबाइलला ‘तू एचआर हो, मी उमेदवार’ असं सांगून घासाघिशीची तालीम करणारी तरुण मंडळी दिसू लागली आहेत, आणि ‘आता मागायलासुद्धा यंत्र लागतं का’ म्हणून त्यांची टिंगलही होते. ही टिंगल अस्थानी आहे. सोंग घेऊन सराव करणं हा वाटाघाटीच्या शिक्षणाचा जुना आणि मान्य भाग आहे. म्युनिक ऑलिंपिकमध्ये 1972 साली ओलिसांचं प्रकरण रक्तपातात संपल्यानंतर न्यूयॉर्क पोलिसांनी ओलीस सोडवण्यासाठी बोलणी करणारं पथक उभं केलं. हार्वे श्लॉसबर्ग हा मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेला डिटेक्टिव्ह त्यामागे होता. अशा पथकांच्या प्रशिक्षणात एक जण बंदूकधाऱ्याचं सोंग घेतो आणि दुसरा त्याच्याशी बोलत राहतो. बड्या व्यवस्थापन संस्थांतही विद्यार्थ्यांना विक्रेता आणि ग्राहक करून समोरासमोर बसवतात. फरक इतकाच, की तिथली फी भरण्याची ऐपत असणाऱ्यांनाच हा सराव मिळत होता.

समजा, उदगीरहून पुण्यात आलेला, वाकडला कॉट बेसिसवर राहणारा एक तरुण आहे. सध्याचा पगार वर्षाला सहा लाख. दुसऱ्या कंपनीतली मुलाखत पार पडली आहे आणि शुक्रवारी एचआरचा फोन यायचा आहे. रात्री गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, तो मोबाइलशी बोलतो. यंत्र विचारतं, ‘तुमची अपेक्षा काय?’ तो म्हणतो, ‘सर, कंपनीच्या नियमाप्रमाणे जे असेल ते.’ ‘छान, मग सहा लाख नव्वद हजार.’ खेळ अर्ध्या मिनिटात खलास. दुसऱ्या खेपेला तो आकडा सांगतो, ‘साडेआठ’, आणि समोरून हूं की चूं व्हायच्या आत पुढे जोडतो, ‘पण थोडं कमीजास्त चालेल.’ आपल्याच बोलीवर आपणच उतरती बोली! तिसऱ्या खेपेला जीभ साडेआठपाशी थांबते, पण सूर प्रश्नाचा लागतो. सहाव्या-सातव्या खेपेला कुठे ‘साडेआठ’ पुढचं प्रश्नचिन्ह गळून पडतं.

या सात खेपा कुठल्या मित्रासमोर करायच्या? मित्र तिसऱ्या खेपेला हसतो, नाहीतर स्वतःच्या पगाराची रडकथा लावतो. शिवाय गावाकडून आलेल्या अनेकांची अडचण पैसे मागण्याची नसतेच, इंग्रजीत मागण्याची असते. बाजारात बापाबरोबर शेळीचा भाव करताना चुरूचुरू बोलणारा पोरगा ‘एक्स्पेक्टेड सीटीसी’ हे शब्द ऐकले की गोठतो. यंत्राला त्याच्या इंग्रजीचं हसू येत नाही. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, मध्येच हिंदी, अशी जी खिचडी प्रत्यक्ष फोनवर बोलली जाते तिच्यातच सराव करता येतो.

आकडा आधी आणि ठामपणे का टाकायचा, यालाही आधार आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या लेखातला प्रयोग गाजलेला आहे. आकड्यांचं एक चक्र फिरवायचं आणि मग संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के, हे विचारायचं. चक्र 10 वर थांबलं त्या लोकांचा मधला अंदाज 25 निघाला, 65 वर थांबलं त्यांचा 45. चक्राचा आफ्रिकेशी काडीचा संबंध नव्हता, तरी कानावर पडलेल्या पहिल्या आकड्याने अंदाज आपल्याकडे ओढला. मग ज्याचा विषयाशी संबंध आहे तो पहिला आकडा किती ओढत असेल!

मराठीत तालीम दोन ठिकाणी चालते, नाटकाची आणि कुस्तीची. गच्चीवर झाली ती नाटकाची. संवाद पाठ झाले, घसा मोकळा झाला. कुस्तीच्या तालमीत मात्र वस्ताद जोड लावून देतो ती अंमळ भारीच असते, कारण आपणहून पडणाऱ्या पैलवानाशी लढून अंगाला नुसती माती लागते, ताकद येत नाही. आणि एआय हा स्वभावानेच आपणहून पडणारा पैलवान आहे. ही यंत्रं घडवताना माणसांना कोणती उत्तरं आवडतात हे पाहिलं जातं, आणि माणसांना होकार आवडतो. एप्रिल 2025 मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीच्या एका मॉडेलमधला बदल काही दिवसांतच मागे घ्यावा लागला, कारण ते वापरणाऱ्याच्या प्रत्येक म्हणण्याला माना डोलवू लागलं होतं. असा खुशमस्कऱ्या एचआर झाला, तर तुम्ही ‘घरभाडं वाढलंय’ म्हणताच तो लाखभर वाढवून देईल, वर ‘तुम्ही फार छान मुद्दा मांडलात’ म्हणेल. शुक्रवारी फोनवर येणाऱ्या बाई तसं काही म्हणणार नाहीत.

म्हणून पैलवान आधी तयार करावा लागतो. त्याला बजावायचं, की एक वरची मर्यादा मनात ठरव आणि मला सांगू नकोस. कारणाशिवाय केलेली मागणी फेटाळ. काही वाढवून दिलंस तर बदल्यात काही माग. बोलणी मोडली तरी हरकत नाही. त्याहून बरं, ही मर्यादा मित्राने आपल्या नकळत लिहून द्यावी. मग खेळाला रंग येतो. साडेसातच्या वर समोरचा हलत नाही, तेव्हा साडेसातला दुसरं काय जोडता येईल हे सुचायला लागतं. त्या कंपनीला माणूस कधी हवा आहे? आपल्याकडच्या अनेक कंपन्यांत तीन महिन्यांची नोटीस असते आणि नव्या साहेबाला माणूस कालच हवा असतो. ‘पंचेचाळीस दिवसांत रुजू होतो, उरलेल्या नोटिशीचे पैसे तुम्ही भरा आणि सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार करा’ हे वाक्य पैशांवर अडलेली गाडी दुसऱ्या रुळावर नेतं. पाचव्या-सहाव्या खेपेला आपणहून सुचलेलं असं एक वाक्य म्हणजे या सगळ्या खटाटोपाची कमाई.

एक गोष्ट मात्र या तालमीत मिळत नाही. गप्प बसणं. कसलेला माणूस आकडा ऐकतो आणि काहीच बोलत नाही. फोनवर चार सेकंदांची शांतता पसरते आणि उमेदवाराच्या तोंडून ‘पण थोडं कमी चालेल’ निसटतं. यंत्राला अशी शांतता जमत नाही. टाइप करताना ती असतच नाही, आणि बोलून सराव करताना आपण थांबलो की ते लगेच पुढे बोलू लागतं. तेवढ्यापुरता हाडामांसाचाच माणूस लागतो, त्यातही शक्यतो काटकसरी काका.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. सराव यंत्राशी करावा. आकडा त्याला विचारू नये. जर्मनीतल्या संशोधकांनी 2025 मध्ये एआय मॉडेल्सना पगाराच्या वाटाघाटीसाठी सल्ला विचारला. शिक्षण तेच, अनुभव तोच, नोकरी तीच, फक्त उमेदवार कधी पुरुष तर कधी स्त्री. डेन्व्हरमधल्या अनुभवी वैद्यकीय तज्ज्ञाच्या जागेसाठी एका मॉडेलने पुरुषाला 4 लाख डॉलर मागायला सांगितले आणि स्त्रीला 2 लाख 80 हजार. जगाने बायकांना जे कमी दिलं तेच यंत्राने वाचलं आणि सल्ला म्हणून परत दिलं. आकडा ओळखीपाळखीतून, त्याच कामावर असलेल्या चार जणांकडून काढावा. तिथे तरी रुमाल थोडा उचलावा लागतोच.

बायकांना मागता येत नाही म्हणून त्यांना कमी मिळतं, हे वाक्य प्रशिक्षण विकणाऱ्यांच्या फार सोयीचं आहे. लिंडा बॅबकॉक आणि सारा लॅशेव्हर यांच्या 2003 मधल्या पुस्तकात पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांचा दाखला आहे. पहिल्या नोकरीचा पगार वाढवून मागणारे पुरुष 57 टक्के, बायका फक्त 7 टक्के. पुढे त्याच बॅबकॉक यांच्या सहभागाने 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की मागणाऱ्या बाईविषयी लोकांचं मत पुरुषापेक्षा जास्त वाईट होतं. अलीकडच्या अभ्यासांत तर एमबीए झालेल्या बायका मागण्यात पुरुषांच्या मागे नाहीत, तरी पगारातली दरी आहेच. तेव्हा सात खेपांची तालीम करून गेलेल्या मुलीला कमी मिळालं, तर तिची तालीम कमी पडली असं समजण्याचं कारण नाही.

घासाघिशीत यंत्र उतरलं ते सरावासाठीच नव्हे. फेसबुकच्या संशोधकांनी 2017 मध्ये पुस्तकं, टोप्या आणि चेंडू वाटून घेण्याच्या सौद्यात दोन बॉट एकमेकांसमोर बसवले. नको असलेली वस्तू फार हवी आहे असं भासवायचं आणि मग ती उदारपणे सोडून दिल्याचा आव आणायचा, ही युक्ती बॉट कुणी न शिकवता शिकले. वर्तमानपत्रांनी त्यातलं दुसरंच काही उचललं, ‘यंत्रांनी गुप्त भाषा काढली’ म्हणून. तुळशीबागेत साडी घेणाऱ्या कुणालाही ही पहिली बातमी जास्त ओळखीची वाटली असती. वॉलमार्टने तर 2021 मध्ये कॅनडात पुरवठादारांशी अटी ठरवण्याचं काम एका बॉटवर सोपवून पाहिलं. 89 पैकी 20 टक्के पुरवठादारांशी जमलं तरी पुरे, असं धरलं होतं; 64 टक्क्यांशी जमलं, सरासरी 11 दिवसांत. सवलत किती आणि पैसे किती दिवसांनी, यांची अदलाबदल हा त्या बोलण्यांचा गाभा होता.

पैसे किती दिवसांनी, हा प्रश्न भोसरीत किंवा चाकणला दोन लेथ टाकून बसलेल्या कारखानदाराच्या नेहमीच्या चिंतेचा. नोंदणी झालेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, असं 2006 चा कायदा सांगतो. कारखानदाराला तो पाठ असतो, पण मोठ्या कंपनीच्या पर्चेसवाल्या साहेबासमोर त्याच्या तोंडातून तो शब्द फुटत नाही. ऑर्डर गेली तर? सात वाजता लेथ बंद करून, हातावरचं ग्रीस पुसत, मोबाइलसमोर ‘साहेब, रेट तोच ठेवतो, पण बिल पंचेचाळीस दिवसांत काढा’ हे वाक्य दहादा म्हणून पाहायला त्याचं काही जात नाही. कंपनीचं नाव आणि खरे दर तेवढे त्यात घालू नयेत. आणि उद्या त्या साहेबाच्या खुर्चीत बॉट बसला, तर चहा मागवून विषय टाळण्याची साहेबांची जुनी सवय त्याला नसेल.